डार्सेलने लावलेलं आईचं लग्न

डार्सेल पॅजेट माझ्या दुकानात कामाला लागली तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलताना ती गल्ल्याकडे बघायची. आवाज इतका बारीक, की कानाने मंद झालेले म्हातारे "काय म्हणालीस, पोरी?" असं दोन-तीनदा विचारायचे आणि शेवटी कंटाळून माझ्याकडे यायचे. माल मात्र तिला तोंडपाठ. कोंबड्यांचं खाद्य, घोड्यांचा भुसा, तारेची जाळी, खिळे, नळाचे सांधे, गळाला लावायचं आमिष, सगळं ती डोळे मिटून काढून द्यायची. चाळिशी उलटलेली होती. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "वेळ नाही मिळाला" म्हणायची. आई ओव्हिडाबरोबर नदीकाठच्या छोट्या घरात राहायची.

आमचं टोल्सन्स लँडिंग हे गाव सेंट मेरीज नदीच्या फ्लोरिडाच्या काठावर आहे. समोरचा काठ जॉर्जियाचा. गावात एकच नोटरी होते, विम्याचं काम करणारे मिस्टर क्विलियन. ते म्हातारपणी मुलीकडे टेनेसीला राहायला गेले आणि महिनाभरातच गावाची पंचाईत झाली. कुणाला नातवाला सहलीला पाठवायचं संमतिपत्र हवं, कुणाला ट्रेलर विकायचा, कुणाला भावाच्या नावे अधिकारपत्र करायचं. एका शिक्क्यासाठी माणसं अर्धा दिवस मोडून जिल्ह्याच्या गावी जायला लागली.

"तूच हो नोटरी," मी एकदा जेवणाच्या सुट्टीत डार्सेलला म्हणालो.

"मी? मिस्टर ओरिन, माझी शाळासुद्धा पुरी झालेली नाही."

"क्विलियन तरी कुठे वकील होते? विमा विकायचे."

त्या दिवसापासून सँडविच खाताखाता ती मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर काहीतरी वाचायला लागली. आठवड्याने मला म्हणाली, "अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत. मुक्काम फ्लोरिडात पाहिजे. इंग्रजी वाचता, लिहिता, समजता यायला पाहिजे. पूर्वी गुन्हा केला असेल तर तो लपवायचा नाही. वकिलीचं कुठेच लिहिलेलं नाही."

"मग अडलंय कुठे?"

"तीन तासांचा पाठ आहे. आणि जामीन घ्यावा लागतो. तो माझ्यासाठी नाही म्हणे. माझ्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर त्याला भरून मिळावं म्हणून. म्हणजे हप्ता मी भरायचा आणि सोय दुसऱ्याची."

"लग्नासारखंच आहे की," मी म्हणालो.

ती हसली नाही. असल्या बाबतीत ती फार गंभीर. तिचा पाठ तीन तासांचा होता, तो तिने सबंध रविवार घेऊन केला, कारण प्रत्येक पानावर थांबून ती स्वतःशी पुटपुटत होती. अर्जासोबत नात्याबाहेरच्या माणसाने चारित्र्याची ग्वाही द्यायची असते. ती मी दिली. लिहिलं, की या बाईने माझ्या दुकानातला एक खिळासुद्धा न विचारता उचललेला नाही. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "एक उचलला होता. कॅलेंडर टांगायला. तुम्ही बाहेर गेला होतात." मी म्हटलं, राहू दे तसंच.

नेमणूक आली, शपथ झाली, शिक्का आला. पहिले काही दिवस ती खाद्याच्या रिकाम्या पोत्यांवर शिक्का मारून बघायची, नीट उमटतो का. मग गावाला कळलं आणि माणसं यायला लागली. आणि गंमत अशी, की तिचा आवाज वाढायला लागला. होकार बारीक आवाजात देता येतो. नकार द्यायचा तर समोरच्याला ऐकू जावा लागतो.

पहिला नकार आमच्या चर्चच्या रेव्हरंडच्या बायकोला, मिसेस लॅमकिनला. त्या नवऱ्याने सही केलेला कागद घेऊन आल्या.

"मिसेस लॅमकिन, रेव्हरंडसाहेब कुठायत?"

"ट्रकमध्ये बसलेत. गुडघा धरलाय त्यांचा. सही त्यांचीच आहे, बाई. इतक्या वर्षांचा नवरा, मी ओळखणार नाही का?"

"तुम्ही ओळखता हो. पण ज्याची सही, तो माणूस माझ्यासमोर पाहिजे. कायदा तसा आहे."

"मग आहे की समोर. काचेतून बघ, टोपी दिसतेय."

डार्सेलने एकदा टोपीकडे पाहिलं. मग शिक्का, पेन आणि कागद उचलला आणि भर उन्हात ट्रकपाशी जाऊन उभी राहिली. रेव्हरंडना ती चांगली ओळखत होती, त्यांनीच तिला बाप्तिस्मा दिला होता. तरी विचारलं, "ही सही तुमची? कागद वाचलात? कुणी जबरदस्ती नाही ना केली?" रेव्हरंडनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "जबरदस्ती रोजचीच आहे, पण या कागदाबाबत नाही."

पाइनच्या रोपवाटिकेत काम करणारी मेक्सिकन माणसंही यायला लागली. त्यांच्याकडे नोटरी म्हणजे मोठा वकील. कोर्टातली सगळी भानगड ही बाई निस्तरेल अशा आशेने ती यायची, टोपी हातात धरून. डार्सेलने स्पॅनिशमध्ये पाटी लावली, की मी वकील नाही, मला सल्ला देता येत नाही आणि सल्ल्याचे पैसे घेता येत नाहीत. एवढ्यावर ती थांबली नाही. जॅक्सनव्हिलमध्ये फुकट सल्ला देणारे वकील कुठे बसतात ते शोधून काढलं आणि पत्ता लिहून द्यायला लागली. युसेबियो नावाच्या एका माणसाचं काम तिथे झालं. तेव्हापासून नाताळाच्या आधी त्याची बायको आमच्या काउंटरवर मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या तामालेचं भांडं ठेवून जाते. त्यातले निम्मे मी खातो, आणि मी तर नोटरीही नाही.

मग एकदा तिची आईच आली. मिस ओव्हिडा, आमच्याकडे विधवेलाही आदराने 'मिस' म्हणतात, म्हणजे सत्तरी ओलांडलेली, काटक, गावभर बोलघेवडी बाई. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती आणि त्याची मासेमारीची जुनी बोट त्यांनी विकायला काढली होती. विक्रीचा कागद त्यांनी मुलीपुढे सरकवला.

"ममा, तुझ्या सहीवर मला शिक्का मारता येत नाही," डार्सेल म्हणाली.

"का? हात दुखतोय?"

"आई, बाप, नवरा, मुलगा, मुलगी, यांच्या सह्या चालत नाहीत. जवळच्या माणसाची बाजू घेईन म्हणून."

"तुला जन्म दिला तेव्हा मी कुणाचा शिक्का मागितला नव्हता."

"ममा, गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत. त्यांनाही आया असतील."

मिस ओव्हिडा तो कागद घेऊन जिल्ह्याच्या गावी गेल्या आणि आठवडाभर घरात मुलीला चीज न घातलेले ग्रिट्स, आमची मक्याच्या भरडीची लापशी, वाढले. आमच्याकडे याहून कडक शिक्षा नाही.

लग्नांची सुरुवात तारेच्या जाळीपासून झाली. टोबिन हा ट्रक चालवायचा आणि जेसमिन शाळेची बस. दोघं खुराड्यासाठी जाळी घ्यायला आली होती आणि आपसांत कुजबुजत भांडत होती. लग्नाचा परवाना काढून ठेवला होता, टोबिनच्या फेऱ्यांमुळे दिवस जात राहिले आणि परवान्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

"तू नोटरी ना?" जेसमिनने डार्सेलला विचारलं. "मग तूच लाव की आमचं लग्न."

डार्सेल गोंधळली. पाठात तसं काहीतरी वाचल्याचं तिला आठवत होतं. तिने मागे जाऊन पुस्तिका काढली, वाचली आणि परत आली. चेहरा उतरलेला. "लावता येतं," ती म्हणाली. "फ्लोरिडातल्या नोटरीला येतं. पण काय बोलायचं ते कायद्यात लिहिलेलंच नाही."

"मग तुला सुचेल ते बोल," टोबिन म्हणाला.

दुकानात आम्ही सहा-सात जण होतो. डार्सेल आयुष्यात सहा-सात जणांसमोर कधी बोलली नव्हती. तिने परवाना नीट तपासला, दोघांना अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांपुढे उभं केलं आणि विचारलं, "तुम्हाला हाच माणूस का हवा, ते सांगाल का?"

जेसमिन म्हणाली, "हा घरी नसतो तेव्हा घर मोठं वाटतं आणि मला मोठं घर आवडत नाही."

टोबिन म्हणाला, "माझ्या विनोदावर ही दोनदा हसते. एकदा मी सांगतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा बस चालवताना, एकटीच. मुलांनी सांगितलंय मला."

"मग घ्या एकमेकांना," डार्सेल म्हणाली, आणि तिला वाटलं एवढं पुरणार नाही, म्हणून तिने दोघांकडून रीतसर वदवून घेतलं आणि फ्लोरिडा राज्याने दिलेल्या अधिकाराने तुम्ही नवरा-बायको झालात असं जाहीर केलं. ते शेवटचं वाक्य तिने इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं, की बाहेर ट्रकमध्ये माल भरणारी माणसं आत डोकावली. जाळी मी त्यांना आहेरात दिली.

त्यानंतर लोक तिला मुद्दाम शोधत यायला लागले. तिने लग्नं लावली नदीवरच्या वाळूत, सफरचंदाच्या वाइनच्या दुकानात, एकदा तर दवाखान्याच्या आवारात, नवरदेवाचा पाय प्लास्टरमध्ये असताना. ती प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायची, आणि लोक खरं उत्तर द्यायचे. ती मला म्हणायची, "मिस्टर ओरिन, बाकी सगळ्या कागदांवर लोक तक्रारी घेऊन येतात. हा एकच कागद असा आहे की हसत येतात."

अशात मिस ओव्हिडांना हार्लन स्टोक्ली भेटले.

मिस्टर हार्लन पलीकडच्या काठाचे, जॉर्जियाचे. मधमाश्या पाळायचे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, उंच, हळू चालणारे, बोलण्याआधी घसा साफ करणारे. दर शनिवारी ते पुलावरून येऊन आमच्या धक्क्यापाशी मध विकायचे. मिस ओव्हिडांना मध आवडत नाही, हे गावाला माहीत होतं. तरी त्यांच्या फडताळात मधाच्या बरण्या वाढायला लागल्या. एका शनिवारी मिस्टर हार्लननी घसा साफ केला आणि म्हणाले, "मिस ओव्हिडा, हा मध तुम्ही खाताय तरी का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण बरण्या संपायची वाट बघत बसले तर तुमच्याकडे यायला निमित्त कुठून आणू?"

वसंतात त्यांनी लग्न ठरवलं. आणि लगेच मिस ओव्हिडा दुकानात आल्या, काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मुलीला म्हणाल्या, "सगळ्या गावाची लग्नं लावतेस. माझं लावणार का? की त्यालाही मी आई आहे ते आडवं येतं?"

बोटीचा कागद सगळ्यांना आठवला. डार्सेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "ममा, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला एक दिवस दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टॅलाहासीला, राज्याच्या राजधानीत, नोटरी खात्याला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. पलीकडून बाईचा आवाज येत होता. डार्सेलने सगळं सांगितलं. मग ती बराच वेळ नुसतं "हो, मॅडम... हो, मॅडम" करत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे लग्नात मी ममाच्या सहीची ग्वाही देत नाही. लग्न लागलं याची ग्वाही देते. सहीला नातं आडवं येतं, लग्नाला येत नाही. असंच ना?"

पलीकडची बाई काहीतरी म्हणाली आणि डार्सेल हसली. फोन ठेवून मला म्हणाली, "त्या म्हणतात, आईला माझ्याकडून शुभेच्छा सांगा आणि फोटो पाठवा."

तिने तिथूनच आईला फोन केला. मिस ओव्हिडा म्हणाल्या, "मग बोटीच्या वेळी हे डोकं का नाही लढवलंस?" पण त्या रात्री ग्रिट्समध्ये चीज इतकं होतं, की चमचा उभा राहिला, असं डार्सेल सांगत होती.

अडचण दुसरीकडून आली. मिस्टर हार्लनना एकच बहीण, मिस टेम्पी, वयाने त्यांच्याहून मोठी. तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं आणि डॉक्टरांनी तिला महिना-दोन महिने घराच्या ओसरीबाहेर पाऊल टाकायला मनाई केली होती. ते घर जॉर्जियाच्या काठावर, अगदी पाण्याजवळ. मिस्टर हार्लन म्हणाले, "टेम्पीने मला वाढवलंय. तिच्या ओसरीवरच लग्न करू. तिने बघितलं नाही तर मला लग्न झाल्यासारखं वाटणार नाही."

"तिथे माझा अधिकार चालत नाही," डार्सेल म्हणाली. "मी फ्लोरिडाची नोटरी. परवाना फ्लोरिडाचा. जॉर्जियात मी नुसती पाहुणी."

"तर मग थांबू, ती बरी होईपर्यंत," मिस्टर हार्लन म्हणाले.

"या वयात थांबायचं?" मिस ओव्हिडा म्हणाल्या. "तुम्ही नुसता घसा साफ करेपर्यंत पावसाळा येतो."

तिघंही माझ्या काउंटरपाशी उभी होती. डार्सेल दाराबाहेर नदीकडे बघत राहिली. मिस टेम्पीच्या घरापाशी पात्र अरुंद आहे. एका काठावरून कुणी कुत्र्याला हाक मारली तर दुसऱ्या काठावरचं कुत्रं कान टवकारतं. "सीमा नदीच्या मधोमध आहे," ती सावकाश म्हणाली. "अर्धी नदी आमची. मिस्टर ओरिन, तुमची तराफ्यासारखी सपाट बोट आहे ना? ती आमच्या अर्ध्यात उभी केली तर मिस टेम्पींना ओसरीवरून दिसेल. आणि मी जोरात बोलेन."

माझ्या दुकानात गल्ल्याकडे बघून बोलणारी ही बाई आता नदीपलीकडे ऐकू जाईल असं बोलणार होती. बोट देतो म्हणालो.

लग्न शनिवारी दुपारी होतं. बोटीला जेसमिनने कागदी फुलं बांधली. बोटीवर आम्ही पाच जण, म्हणजे वधू, वर, डार्सेल, टोबिन आणि सुकाणूवर मी. आमच्या धक्क्यावर सगळं गाव, आणि पलीकडे ओसरीवर मिस टेम्पी, निळा झगा आणि टोपी घालून, भोवती जॉर्जियाची मंडळी. मी डार्सेल म्हणाली त्या जागी नांगर टाकला, मधल्या हद्दीच्या अलीकडे, आमच्या बाजूला.

डार्सेलने सुरुवात केली. आवाज पाण्यावरून असा गेला, की ओसरीवरच्या मिस टेम्पीने हात वर करून ऐकू येतंय अशी खूण केली. "मिस्टर हार्लन, तुम्हाला ही बाई का हवी?"

मिस्टर हार्लननी घसा साफ केला. दोन्ही काठ थांबले. "मी आयुष्यभर मधमाश्यांशी बोलत आलो," ते म्हणाले. "त्या उत्तर देत नाहीत. ही देते."

दोन्ही काठांवर हशा पिकला. मिस ओव्हिडा म्हणाल्या, "आणि मला हा हवा, कारण माझं बोलून होईपर्यंत हा थांबतो. असा माणूस मला दुसरा भेटला नाही." मग डार्सेलने त्यांना विचारलं, की या माणसाचा पती म्हणून स्वीकार करतेस का, आणि त्या "करते" म्हणाल्या.

डार्सेल मात्र आईकडे बघत नव्हती. ती जॉर्जियाच्या काठावरच्या सायप्रसच्या झाडाकडे बघत होती. ते झाड मघापेक्षा मोठं दिसत होतं. भरती पालटली होती आणि माझा नांगर गाळातून सरकत होता.

"थांबा," ती म्हणाली. "कुणी काही बोलू नका. मिस्टर ओरिन, आपण जॉर्जियात आलोय."

"मी 'करते' म्हणून बसले," मिस ओव्हिडा म्हणाल्या.

"ते जॉर्जियात म्हणालीस, ममा. धरता येणार नाही."

मिस्टर हार्लननी घसा साफ केला. "म्हणजे मी अजून सुटू शकतो?"

"हलून तर बघा," मिस ओव्हिडा म्हणाल्या.

मी इंजिन सुरू केलं, टोबिनने नांगर ओढला. आता दोन्ही काठांवरून सल्ले सुरू झाले. फ्लोरिडाकडचे ओरडत होते, आणखी इकडे घ्या. जॉर्जियाकडचे ओरडत होते, पुरे, आम्हाला दिसेनासं होतंय. एका मासेमाराने आपली होडी मधोमध आणून उभी केली आणि म्हणाला, ही हद्द समजा, रोज इथेच मासे पकडतो, दोन्ही राज्यांचे मासेमारी अधिकारी मला ओळखतात. मी त्याच्या अलीकडे आलो, डार्सेल म्हणाली आणखी थोडं, मी आणखी थोडं आलो. या वेळी नांगर टाकून इंजिनही हळू चालू ठेवलं.

"पुन्हा पहिल्यापासून," डार्सेल म्हणाली.

"कारणंसुद्धा?" मिस्टर हार्लननी विचारलं.

"कारणं कुठल्याही राज्यात चालतात. होकार इथला पाहिजे."

मिस ओव्हिडांनी दुसऱ्यांदा "करते" म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मिस्टर हार्लननीही म्हटलं, घसा साफ न करता. आणि मग डार्सेलने ते शेवटचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आवाज फुटेना. एवढी लग्नं लावली, कधी असं झालं नव्हतं. ती तशीच उभी राहिली. मिस ओव्हिडांनी पुढे होऊन तिच्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाल्या, "घे श्वास, बाळा. घाई नाही. तुझी ममा कुठे जात नाहीये." डार्सेलने श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. जॉर्जियाच्या ओसरीवर मिस टेम्पी बसल्याबसल्याच टाळ्या वाजवत होती. मग आमच्या धक्क्यावर कुणीतरी व्हायोलिन काढलं.

संध्याकाळी धक्क्यावर धुरी दिलेली मलेट मासळी, मक्याचे तळलेले गोळे आणि कोबीची कोशिंबीर होती. मिस टेम्पीचं ताट पुलावरून मोटारीने गेलं. डार्सेल टोबिनबरोबर नाचली, माझ्याबरोबर नाचली, आणि मग एका मधमाशीवाल्याबरोबर नाचली, मिस्टर हार्लनचा मित्र, विधुर, जरा लाजाळू. त्याचं पुढे काय होणार ते अजून ठरायचं आहे, म्हणून मी लिहीत नाही.

लग्न लागलं की भरलेला परवाना मुदतीत कोर्टातल्या क्लार्ककडे पोचवणं नोटरीचं काम. डार्सेल सोमवारी सकाळीच निघाली. नवीन जोडपंही हट्टाने ट्रकमध्ये बसलं. मिस ओव्हिडा म्हणाल्या, आमचं लग्न सरकारी फडताळात कसं जातं ते आम्हाला बघायचंय. खिडकीवरच्या मुलीने कागद वाचला, वधूचं पूर्वीचं आडनाव पाहिलं, नोटरीचं पाहिलं, आणि मान वर करून विचारलं, "तुमची कुणी लागते का ही?"

"मुलगी आहे," मिस ओव्हिडा म्हणाल्या. "आणि विचारायच्या आधीच सांगते, चालतं. टॅलाहासीला फोन करून विचारलंय."

खिडकीवरची मुलगी हसली, तारखेचा शिक्का मारला आणि कागद मागे ठेवला. तिघं बाहेर आली. मिस्टर हार्लन म्हणाले, आता जेवू कुठेतरी, आज मी देणार. कोर्टासमोरच्या बार्बेक्यूवाल्याकडे तिघं बसली. मिस ओव्हिडांनी चहात दोन चमचे मध घालून घेतला.

"तुम्हाला मध आवडत नाही ना?" मिस्टर हार्लननी विचारलं.

"नाही आवडत," त्या म्हणाल्या आणि प्यायल्या.